डाव्या बाजूची काच

तीर्थरूप मामांना,

टाचणीचा वाकून नमस्कार. ("वाकून कशाला, मशीनवर बसून बसून आधीच वाकलायस," असं तुम्ही म्हणाल, तरी नमस्कार.) आम्ही दोघं सुखरूप आहोत. 'दोघं' हा शब्द मी बराच विचार करून लिहिला आहे, का ते पुढे येईल. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता, की बाटली उशाशी ठेवून तिच्याकडे नुसते बघता? कवळी घासायची पूड शिलाई मशीनच्या खालच्या खणात आहे. तिच्या शेजारी कापडावर आखायच्या खडूची पूड आहे आणि दोन्ही डबे सारखेच आहेत, तेव्हा आधी वास घ्यावा. दुपारी जेवण झालं की मांजर बघायला म्हणून तुम्ही माळ्याची शिडी चढता, ते निदान मी येईपर्यंत बंद ठेवा. मोडकी पायरी मी तारेने बांधली आहे, पण ती तार माझ्या वजनाची आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्हांला वाटेल. मामा, फोनवर मी 'गाडी' एवढं म्हटलं की तुम्ही "गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देता. काल तर दुकान बंद असतानाही गिऱ्हाईक आलं होतं. म्हणून पत्र. शिवाय मामीने मला शाळा सुटल्यावर दुकानातल्या पाट्यांवरून लिहायला शिकवलं तेव्हा सांगितलं होतं, की जे बोलताना त-त-प-प होतं ते कागदावर सावकाश मांडावं. तर सावकाश मांडतो. मुख्य गोष्ट आधी सांगतो म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको: गाडी धड आहे, ओरखडासुद्धा नाही. फक्त ती विकत घेणाऱ्या दातांच्या डॉक्टरांच्या ताब्यात अजून दिलेली नाही. रागावू नका. निदान पूर्ण वाचून मग रागवा.

तुम्ही सांगितलंत त्याप्रमाणे निघण्याआधी मी पुढचं डावं सीट बदललं. "गिऱ्हाईकाला खड्डा दिसता कामा नये," हे तुमचे शब्द, आणि ते म्हणताना तुम्ही सीटकडे नाही, भिंतीवरच्या कात्रीकडे बघत होतात. फोम खोटं बोलत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. मामी गेली तरी तिचा खड्डा मी डोळे मिटूनही ओळखला असता: डावीकडे खोल आणि पुढच्या कडेला, कारण मामी कधी सीटवर नीट टेकून बसलीच नाही. दरवर्षी या किनाऱ्याच्या रस्त्याने तुम्ही दोघं पुढे आणि मी मागे; तेव्हा मला समुद्र कमी आणि मामीची पाठच जास्त दिसायची, आणि ती पाठ कायम खिडकीकडे. तो फोम काढून मी नवा बसवला, चांगला कडक. वर राखाडी कापड ताणून शिवलं. फुशारकी मारत नाही, पण त्या सीटवर चेंडू टाकला असता तर तो परत हातात आला असता.

पहिल्या दिवशी ऊन असं लख्ख होतं, की समुद्राकडे बघताना डोळ्यांत पाणी यायचं. तुमची सून पुढे बसली होती, मांडीवर मामीची दुर्बीण. (तिला प्राणी बघायचे होते. औषधांच्या दुकानात दिवसभर माणसं बघून तिला प्राण्यांची ओढ लागली आहे.) थोड्याच वेळात म्हणते, "अहो, तुमचं हे सीट मला ढकलतंय." मी म्हटलं, नवं आहे, सवय नाही. "सवय कसली? मी खिडकीला चिकटलेय!" मी गाडी थांबवली. माझ्याकडे गवंड्यासारखी पाणपातळी असते, हे तुम्हांला माहीत आहे, त्यावरून तुम्ही मला पुष्कळ बोललेला आहात. ती सीटवर ठेवली. बुडबुडा उजवीकडे पळाला, म्हणजे सीट डावीकडे खचलेलं. रस्त्यालाच उतार असेल म्हणून गाडी उलट्या तोंडाने उभी केली आणि पुन्हा ठेवली. बुडबुडा तिथेच. मग मी हात फिरवून पाहिला. मामा, तुमची सून मधोमध बसते, पोत्यासारखी (हे तिला वाचून दाखवणार नाही). माझ्या हाताला लागलेला खड्डा तिचा नव्हता. तो डावीकडे होता, पुढच्या कडेला. आणि एका सकाळीत नव्या फोमला खड्डा पडत नाही. खड्ड्याला वर्षं लागतात, आणि ती एकाच माणसाची लागतात.

मी पाणपातळी पुसून पिशवीत टाकली. ती माझ्या तोंडाकडे बघून मागे जाऊन बसली. तेव्हापासून मी पुढे एकटा, ती मागे, असा आमचा मधुचंद्र चालला आहे. पेट्रोल पंपावर लोक तिला अदबीने नमस्कार करतात आणि मला "ए ड्रायव्हर, गाडी पुढे घे" म्हणतात. तिला याची इतकी गोडी लागली, की "ड्रायव्हर, जरा सावकाश" असं ती आता झोपेतही म्हणते.

त्या वळणावरची चहाची टपरी आठवते तुम्हांला? डोंगराला टेकून पत्र्याची, मागे सरळ कडा आणि खाली समुद्र. आम्ही पोचलो तेव्हा ऊन गेलं होतं. ते कधी गेलं हे मला सांगता येणार नाही. एका वळणाच्या अलीकडे होतं आणि पलीकडे नव्हतं. वारा असा, की टपरीवालीचा रेनकोट तिच्या आधी बोलत होता. आम्ही दोघं उतरून बाकावर बसलो. तिने तीन पेले आणले. मी म्हटलं, दोनच. ती म्हणाली, "हा बिनसाखरेचा आहे, गाडीतल्या बाईंना. त्या नाही का उतरत?" मी हसलो. (तुम्हांला माझं ते हसू माहीत आहे, गिऱ्हाईक कापड परत घेऊन आलं की मी हसतो ते.) मग मी तुमच्या सुनेला समजावलं, की घाबरायचं कारण नाही, मामा-मामी दरवर्षी इथे थांबायचे, मामी साखर घेत नसे, बाईंनी गाडी ओळखली, सवयीने चहा केला, संपलं. ती सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "गाडी ओळखली हे ठीक. पण मग ती असं का म्हणाली, की साखर घालू का विचारलं तर बाईंनी काचेआडून हात हलवला?"  तिसरा पेला मी गाडीत नेऊन पुढच्या खाचेत ठेवला, कारण तो तसाच बाकावर सोडणं बरं दिसलं नसतं. उतारावर आल्यावर बघितलं तर तो रिकामा होता. सांडला असेल. पायाशी चटई कोरडी होती, पण सांडला असेल.

आता काचेचं. डाव्या बाजूची काच आपोआप खाली येऊ लागली. मी घाबरट असलो तरी कारागीर आहे, त्यामुळे आधी बटण तपासलं, मग तार, मग काचेचा फ्यूज काढून खिशात ठेवला. काच खाली आलीच. पण कधीही येत नव्हती. पहिल्यांदा आली तेव्हा खाली खडकावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते, ओळीने, जणू कुणी कपडे वाळत घातलेत. दुसऱ्यांदा आली तेव्हा भर पावसात, आणि मी चिडून ती वर करायला वाकलो तर तुमची सून मागून ओरडली, "थांबा! डॉल्फिन!" करड्या पाण्यात करड्या पाठी वर-खाली होत होत्या, आवाज न करता. नंतर समुद्रगरुड, मग एक घोळक्यातून चुकलेलं डॉल्फिनचं पिल्लू. काच खाली आली की बाहेर काहीतरी असायचंच, आणि ती खाली आली नाही तर आम्ही तासन्‌तास दुर्बीण लावूनही लाटा आणि प्लास्टिकच्या बाटल्या बघायचो. तुमच्या सुनेने तर दुर्बीण लावणंच सोडून दिलं. "ड्रायव्हर," म्हणे, "काचेकडे लक्ष ठेवा, समुद्राकडे नको."

याचा एक परिणाम असा झाला, की टेहळणीच्या कठड्यापाशी एक पक्षी दाखवणारा गाईड भेटला. त्याच्याबरोबर भिजलेल्या लोकांचं टोळकं होतं. त्यांनी सकाळपासून एक कावळा पाहिला होता. आमचं ऐकून गाईडने आमच्या मागे गाडी लावली, त्याच्यामागे टोळक्याच्या गाड्या. आमची काच खाली आली की सगळ्यांचे ब्रेक लागायचे आणि सगळ्या दुर्बिणी डावीकडे. मिरवणुकीच्या पुढे चालणाऱ्या माणसासारखा मला अभिमान वाटू लागला होता, तेवढ्यात गाईड माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "तुमच्याबरोबरच्या पुढच्या बाईंना मानलं बुवा. नजर काय आहे! मी हात केला तर त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही." मामा, मामी प्राणी बघताना कधी कुणाला ओ देत नसे. तुम्हांलाही नाही. त्यानंतर गाईड मागेच होता, पण मला अभिमान वाटेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दवाने पांढरी झाली होती. मी रात्री ती स्वतः लॉक केली होती आणि किल्ली उशीखाली ठेवली होती. सगळ्या काचा आतून धुरकट. फक्त डाव्या काचेवर एक गोल पुसलेला, तबकडीएवढा, आतून. मी मागच्या सीटवर बसून लहानपणी ज्या गोलातून समुद्र बघायचो तोच. तुमच्या सुनेने मामीला कधी पाहिलेलं नाही. ती त्या गोलाकडे बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "पदराच्या टोकाने पुसलंय. कडेला सुताचा माग आहे." ती घाबरली असती तर मला बरं वाटलं असतं. घाबरण्यात सोबत लागते. पण ती गाडीत बसताना पुढच्या सीटकडे बघून "येतो हं" असं म्हणाली, जसं घरातल्या मोठ्या माणसाला म्हणतात.

आणि मग धुकं. असं धुकं मी पाहिलेलं नाही. समुद्र वर चालून आला असावा, एवढं. रस्ता, कडा, पाणी, सगळं एकच झालं होतं. गाडी चालते आहे की नुसतीच थरथरते आहे हे कळत नव्हतं. गाईड आणि त्याची मंडळी कधीच मागे परतली होती. मी दिवे लावले तर धुकं नुसतं जास्त पांढरं झालं. आणि काच खाली आली. बाहेर काहीच नव्हतं. थंड हवा आत आली, तिला ओल्या लोकरीचा वास होता. मी गाडी तशीच पुढे रेटली, कारण थांबावं कुठे हेही दिसत नव्हतं. तेव्हा बाहेरून दारावर हाताची थाप पडली. थाप, थाप. दोनदा.

मागून तुमची सून म्हणाली, "अहो, बाहेरून दार कोण वाजवतंय?" मामा, मी तिला मामीची ही खूण कधी सांगितली नव्हती. खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर दोन थापा म्हणजे "अहो, थांबा". तुम्ही कितीही पुटपुटलात तरी ब्रेक दाबायचात. माझाही पाय आपोआप गेला. गाडी थांबली. आणि दिव्यांच्या पांढऱ्या पट्ट्यात, अगदी चाकापुढे, एक पाणमांजर रस्ता ओलांडत होतं, तोंडात एक पिल्लू धरून, आणि मागे दुसरं ठेचकाळत. पलीकडच्या ओढ्याला जात असावं. मधोमध थांबून त्याने गाडीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, डाव्या बाजूला. मग ती तिघंही धुक्यात विरघळली. पुढे दरड कोसळली असती, पूल वाहून गेला असता आणि आमचे प्राण वाचले असते, तर सांगायला बरं वाटलं असतं. पण पुढचा रस्ता चांगला होता, मी उतरून बघून आलो. आमच्यासाठी कुणी दार वाजवलं नव्हतं. सगळं पाणमांजरासाठी होतं. हे ऐकून तुमची सून इतकी हसली, की तिला रडू आलं. "बरोबर आहे," म्हणाली. "तुम्ही काय, तुमचं तुम्ही बघून घ्याल."

अशा रीतीने आम्ही इथे पोचलो. दातांचे डॉक्टर गाडी बघायला लॉजवर आले, पत्नीसह. गृहस्थ आनंदी आहेत, हसले की सगळे दात दिसतात, धंद्याची जाहिरात म्हणून ते योग्यच आहे. त्यांची पत्नी पुढच्या सीटवर बसली आणि चटकन उठली. म्हणाली, "सीट गरम आहे." गाडी सकाळपासून पावसात उभी होती, मामा. मी तोंड उघडणार तोच डॉक्टर म्हणाले, "म्हणजे सीट तापवायची सोय आहे! वा! हे तुमच्या मामांनी सांगितलंच नाही!" आणि खूश होऊन आत डोकावायला डावीकडे आले, दात दाखवत. तर काच वर गेली. सटकन. आणि लॉक पडलं. त्यांनी दार ओढलं, मी किल्ली लावली, तुमच्या सुनेने मागच्या दाराने आत हात घालून बघितलं. लॉक काही निघेना.

मला एकदम आठवलं. मामीची दाढ सुजली होती तेव्हा ती न्हाणीघराची कडी लावून बसली होती, आणि तुम्ही बाहेर स्टूल टाकून दिवसभर "अगं, नुसतं बघेल तो, काढणार नाही" म्हणून विनवत होतात. शेवटी तुम्हीच जाऊन स्वतःचा दात काढून आलात, दुखत नाही हे दाखवायला. (तुमच्या कवळीची सुरुवात तिथून झाली असं मामी सांगायची.) आणि अशा मामीला आपण दातांच्या डॉक्टरकडे कायमचं धाडतो आहोत. सुनेनेही तेच म्हटलं, फक्त जरा वेगळ्या शब्दांत, ते लिहीत नाही.

मी डॉक्टरांना सांगितलं, की दार नादुरुस्त आहे, दुरुस्त करून रविवारी देतो. मी अजून हत्याराला हात लावलेला नाही. पण गाडी तुमची आहे, शब्द तुमचा गेलेला आहे, आणि मी कामाचा माणूस आहे. "दे" म्हणालात तर रविवारी देईन. माझं म्हणणं काहीच नाही. वाऱ्याने, दमटपणाने, सैल तारेने या सगळ्या गोष्टी होऊ शकतात, असं मी स्वतःला रोज समजावतो. बाकी हवा आता स्वच्छ आहे. तब्येतीला जपा, आणि त्या दोन डब्यांचा आधी वास घ्या.

तुमचाच,
टाचणी

ता. क. माझं म्हणणं काहीच नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे. मामा, तुम्ही या. तुमच्या चौकातून निघणारी बस आमच्या लॉजसमोरच थांबते. हे पत्र त्याच बसच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. गाडी तुम्ही चालवा. आम्ही मागे बसू. तुमच्या सुनेचंही म्हणणं आहे, की मधुचंद्राला नवराबायको निदान एका सीटवर असावीत.

ता. क. येताना माळ्यावरून जुना फोम घेऊन या. तुम्ही टाकून दे म्हणालात, मी रेक्झीनच्या ताग्यांमागे ठेवला होता. तुम्हांला तो कधीच सापडला आहे, हेही मला माहीत आहे. मांजर दुपारी माळ्यावर नसतं, समोरच्या बेकरीच्या भट्टीपाशी असतं. आणि त्या फोमला आता दुसरा एक खड्डा पडतो आहे, मामीच्या खड्ड्याला लागूनच, उजवीकडे. मी सीटं बनवतो, मामा. तो मांजराचा नाही.

ता. क. हे शेवटचं. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, तुमच्या माहितीसाठी. मी हे पत्र गाडीत बसून लिहितो आहे. फ्यूज माझ्या खिशात आहे आणि बॅटरीची तार मी सकाळीच काढून ठेवली आहे. आत्ता डाव्या बाजूची काच खाली आली. काहीतरी दिसल्याशिवाय ती येत नाही, म्हणून मी घाईने बाहेर बघितलं. पण समुद्र उजवीकडे आहे. या बाजूला फक्त बसचा थांबा आहे.